कोल्हापुरी परदेशी पायात: लहान दुकानाने परदेशी गिऱ्हाईक ऑनलाइन कसं जोडावं

दुकानात आलेलं गिऱ्हाईक चप्पल कशी घेतं, ते एकदा नीट बघा. आधी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतं. तळ दोन्ही हातांनी वाकवतं, चपलेच्या बाजूचे चामडी कान ओढून बघतं, नाकाशी नेऊन चामड्याचा वास घेतं. मग पायात घालून चार पावलं चालतं, करकर ऐकतं आणि विचारतं, "जरा घट्ट वाटतीय, सैल होईल ना?" आपण म्हणतो, "चार दिवस घाला की, पायाचा आकार घेती बघा." सौदा होतो.

टोरोंटोतल्या किंवा लीड्समधल्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्यापुढे फक्त फोनची काच असते. त्यामुळे परदेशी गिऱ्हाईक मिळवायचं म्हणजे या प्रत्येक हालचालीची जागा तुमच्या फोटोने, मोजमापाने आणि मजकुराने भरून काढायची. जाहिरात नंतरची गोष्ट. मी हे कोल्हापुरी चपलेच्या धंद्यावरून सांगतोय, कारण आमच्या घरचं दुकान तेच आहे. पण सावंतवाडीची लाकडी खेळणी विका किंवा येवल्याची पैठणी, पायऱ्या बऱ्याचशा याच.

वेळही चांगली आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यावर आपल्याकडे मोठा गदारोळ झाला आणि कंपनीला कोल्हापुरीच्या परंपरेची दखल घ्यावी लागली. 'कोल्हापुरी' हा शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला. ज्यांनी तो वाचला आणि शोधला, त्यांना खऱ्या कारागिराचं दुकान सापडलं का, हा प्रश्न मला अजून टोचतो.

पहिली पायरी: एक देश, पाच चपला

"वर्ल्डवाइड शिपिंग" असं लिहून सुरुवात करू नका. प्रत्येक देशाचा कर वेगळा, नंबर वेगळे, पोस्टाचे दिवस वेगळे. एक देश निवडा आणि त्याची सगळी माहिती पाठ करा. कुठला निवडायचा? तुमच्या वहीत बघा. सुट्टीला आलेल्या लोकांपैकी चार-चार जोड एकदम नेणारे कुठून येतात? ब्रिटनमधून येत असतील तर ब्रिटन. तिथलं महाराष्ट्र मंडळ लंडनमध्ये १९३२ पासून आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली गावोगावची मंडळं आहेत. गणपती आणि दिवाळीला झब्ब्याखाली घालायला चप्पल हवी असते, आणि पहिल्या दहा-वीस ऑर्डरी बहुधा याच ओळखीतून येतात.

तेवढ्यावर मात्र थांबू नका. मराठी माणसाला कोल्हापुरी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. खरं दुकान उभं राहतं ते ज्याला हे सांगावं लागतं अशा गिऱ्हाइकावर.

मालही थोडाच ठेवा. कापशी, कुरुंदवाडी, वेणीची, साधी पट्ट्याची अशा चार-पाच जाती पुरेत. ज्या तुम्ही दर महिन्याला त्याच जाडीच्या, त्याच रंगाच्या देऊ शकता, त्याच निवडा. एकदाच जमलेली सुंदर चप्पल फोटोत टाकली आणि दुसऱ्यांदा तशी झाली नाही, की तक्रार ठरलेली.

दुसरी पायरी: माप

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. परत येणाऱ्या चपलांमागे आमच्याकडे जवळजवळ नेहमी मापच असतं.

आपण वापरतो तो ब्रिटिश पद्धतीचा नंबर. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपचा नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटरने वाढतो, म्हणजे सुमारे पावणेसात मिलिमीटर. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर नीट बसतच नाहीत. अमेरिकेत बायकांचे नंबर वेगळे, पुरुषांचे वेगळे. म्हणून "आठ नंबर" एवढ्यावर ऑर्डर घेतली की अर्धं संकट तिथेच ओढवतं. तक्ता द्या, पण त्यात पहिला रकाना पायाच्या लांबीचा, सेंटिमीटरमध्ये. बाकीचे नंबर त्याच्या पुढे.

त्याहून पक्का उपाय जुनाच आहे. गिऱ्हाइकाला सांगा: संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असताना, भिंतीला टाच टेकवून कोऱ्या कागदावर उभे राहा. पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ काढा. पेन्सिल तिरकी झाली की पाय कागदावर बारीक होतो. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये एक खूण करा, कारण अंगठ्याची पट्टी तिथेच बसणार. दोन्ही पाय काढा. कागदावर मोजपट्टी ठेवून वरून फोटो काढा आणि पाठवा.

मोजपट्टी फोटोत हवीच. तिच्यावरून आपण इथे तो फोटो खऱ्या मापात छापतो आणि कारागिरापुढे ठेवतो. कारागीर तळ त्या रेघेवर धरतो, अंगठ्याची जागा बोटाने चाचपतो आणि सांगतो, "पाय रुंद हाय, पट्टा दोन सूत वाढवाय पायजे." (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) हे पाच मिनिटांचं काम हजारो रुपयांचं परतीचं पोस्ट वाचवतं.

नवी कोल्हापुरी सुरुवातीला घट्ट लागते, हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे. बाहेरच्या माणसाला ती चूक वाटते. म्हणून आधीच स्पष्ट लिहा: पहिले काही दिवस घरातच अर्धा-एक तास घाला, पट्ट्याला आतून तेलाचा हलका हात फिरवा, चामडं पायाचा आकार घेईल. भिजवू नका, भिजलीच तर सावलीत वाळवा. हेच पार्सलमध्ये छापील चिठ्ठीवरही घाला.

तिसरी पायरी: फोटो

भारी कॅमेरा लागत नाही. सकाळी खिडकीपाशी येणारा उजेड आणि खाली पांढरी चादर एवढं पुरतं. दिव्याच्या उजेडात काढलेल्या फोटोत तपकिरी रंग तांबूस दिसतो आणि तिकडे पोचल्यावर रंग वेगळा म्हणून भांडण होतं.

प्रत्येक चपलेचे किमान इतके फोटो काढा: वरून जोड, बाजूने तळाची जाडी दिसेल असा, तळाची मागची बाजू, वेणी किंवा गोंड्याचा जवळून, आणि पायात घातलेला. पायातला फोटो वगळू नका. अंगठ्याची पट्टी नेमकी कुठे येते हे परक्या माणसाला त्याशिवाय कळत नाही. त्यात दहा सेकंदांचा व्हिडिओ जोडा: हाताने तळ वाकवलेला आणि फरशीवर चार पावलं, आवाजासकट. मागे गाणं टाकू नका. करकर ऐकू आली पाहिजे. काउंटरवर चप्पल विकणारा तो आवाज आहे.

चौथी पायरी: शब्द

इथे बहुतेक जण अडखळतात. आपण नाव देतो 'कोल्हापुरी चप्पल' आणि वाट बघतो. ज्याला ते नाव माहीत नाही तो शोधतो 'हँडमेड लेदर सँडल', 'टो रिंग सँडल', 'व्हेजिटेबल टॅन्ड लेदर', 'फ्लॅट समर सँडल'. शीर्षकात दोन्ही हवेत: आपलं नावही आणि त्याचे शब्दही. 'कोल्हापुरी'ची इंग्रजी स्पेलिंगही लोक दोन-तीन तऱ्हांनी करतात, ती टॅगमध्ये, म्हणजे वस्तूसोबत भरायच्या शोधशब्दांत, विभागून टाका. गूगल ट्रेंड्सवर तुमचा देश निवडून यातला कुठला शब्द तिथे जास्त शोधला जातो ते फुकट बघता येतं. उन्हाळ्याच्या सँडलचा शोध तिकडे वसंतातच सुरू होतो, म्हणजे आपला माल आणि फोटो फेब्रुवारी-मार्चला तयार हवेत. ऑस्ट्रेलियाला विकत असाल तर हे गणित बरोबर उलटं.

वर्णनात पहिल्या दोन ओळींतच खरी माहिती द्या: कुठलं चामडं, कशाने कमावलेलं, तळ किती थरांचा, शिलाई कशाची, वजन किती. म्हशीचं असेल तर म्हशीचं असं स्वच्छ लिहा. काही गिऱ्हाइकांना धर्मामुळे, काहींना तत्त्वामुळे हे आधी कळायलाच हवं असतं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं ही कोल्हापुरीची मोठी ओळख. परदेशातल्या जाणत्या गिऱ्हाइकाला त्याची किंमत कळते. पण तुमचं चामडं खरंच तसं असेल तरच लिहा. बाजारातून क्रोम पद्धतीचं, म्हणजे रसायनाने कमावलेलं, चामडं आणून त्यावर 'नैसर्गिक' लिहिणाऱ्यांनी सगळ्यांचंच नाव घालवलंय. याबद्दल मला मनापासून राग आहे.

इंग्रजी कच्चं असेल तर भाषांतराचं साधन जरूर वापरा, फक्त नंतर एखाद्या जाणकाराला वाचायला द्या. चपलेच्या 'काना'चं भाषांतर माणसाच्या कानासारखं झालेलं मी पानावर वाचलंय. आणि चप्पल कोणी केली ते लिहा. कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या कुठल्या घरात, किती वर्षं हे काम चालू आहे. कारागिराचं नाव आणि फोटो त्याला विचारूनच टाका, आणि ऑर्डर वाढल्या की त्याची मजुरीही वाढवा.

पाचवी पायरी: दुकान कुठे मांडायचं

नवख्याने आधी एत्सीसारख्या तयार ऑनलाइन बाजारपेठेत मांडावं, स्वतःची वेबसाइट वर्षभराने, असं माझं ठाम मत आहे. एत्सीवर एक वस्तू मांडायला ०.२० डॉलर लागतात, ती नोंद चार महिने राहते, आणि विक्रीवर ६.५ टक्के कापले जातात. पैसे घेण्याचे शुल्क वेगळे. प्रत्येक वस्तूला १३ टॅग मिळतात, ते तेराही भरा. कमिशन टोचतं खरं, पण त्या बदल्यात कराची एक मोठी डोकेदुखी जाते. ती पुढे सांगतो.

इन्स्टाग्राम ही काच लावलेली खिडकी समजा. तिथे रोज काम दाखवा: चामडं कापताना, तळ ठोकताना, वेणी गुंफताना. हातांचे व्हिडिओ लोक थांबून बघतात. कोल्हापुरात प्रत्यक्ष दुकान असेल तर गूगल बिझनेस प्रोफाइल आजच भरा, ती फुकट आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला परदेशस्थ माणूस नकाशावर दुकान शोधतो, घेऊन जातो, आणि पुढच्या वर्षी तिकडून मागवतो. वेबसाइट काढाल तेव्हा नाव आपल्या मालकीचं घ्या, भाव डॉलर-पौंडांत दाखवा, आणि पान मोबाइलवर पटकन उघडतंय का ते जुन्या फोनवर तपासा.

सहावी पायरी: कागद

घाबरण्यासारखं यात काही नाही.

आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड. डीजीएफटीच्या (सरकारच्या परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर पॅन, बँक खातं आणि ५०० रुपये शुल्कात मिळतो, घरबसल्या. तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावा लागतो. काही बदल नसला तरी 'बदल नाही' असं नोंदवायचं, नाहीतर कोड बंद पडतो. जीएसटीत निर्यातीवर शून्य दर आहे, पण कर न भरता माल पाठवायला लेटर ऑफ अंडरटेकिंग म्हणजे हमीपत्र द्यावं लागतं, तेही दर आर्थिक वर्षाला नवं. तुमच्या उलाढालीला नोंदणीची गरज आहे की नाही, हे सीएकडून एकदाच नीट समजून घ्या. बँकेला निर्यात करणार असल्याचं सांगा आणि एडी कोडचं (परकीय चलन हाताळणाऱ्या बँकेच्या क्रमांकाचं) पत्र मागून ठेवा. परदेशातून पैसे आले की त्याचा पुरावा देणारा कागदही दर वेळी मागा.

मग एचएस कोड. जगभरच्या कस्टममध्ये वस्तू याच आकड्याने ओळखली जाते. ६४०३२० या शीर्षकाखाली येतात चामड्याच्या तळाची आणि पायाच्या वरच्या बाजूवरून व अंगठ्याभोवती चामडी पट्टे असलेली पादत्राणं. वाचलं की वाटतं, समोर कोल्हापुरी ठेवूनच लिहिलंय. त्यापुढचे आकडे देशागणिक बदलतात. ज्या देशात पाठवायचं तिथल्या सरकारी संकेतस्थळावर आकडा टाकला की त्या दिवशीचं शुल्क दिसतं.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. या जिल्ह्यांत चप्पल बनवणाऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी. २०२० पासून त्याचं शुल्क फक्त १० रुपये आहे. संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाकडे त्याची आणि चपलेचा खरेपणा दाखवणाऱ्या क्यूआर कोडची चौकशी करा. हे मानांकन भारतात संरक्षण देतं, परदेशात आपोआप देत नाही. तरी पानावर त्याचा उल्लेख असला की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

सातवी पायरी: खोकं, पोस्ट आणि तिकडचा कर

कुरिअरवाले खोक्याचं खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. समजा, ३२ × २२ × १२ चं खोकं घेतलं. उत्तर येतं १.६९ किलो. तोच जोड तळाला तळ लावून ३२ × १६ × १० च्या खोक्यात बसवला की १.०२ किलो. चप्पल तीच, पैसे सुमारे ६७० ग्रॅमचे वाचले. कोल्हापुरी सपाट असते हा आपला फायदा आहे, तो मोठ्या खोक्यात घालवू नका.

पोस्टानेही चांगलं जातं. डाक घर निर्यात केंद्रांची सोय २०२२ पासून सुरू झाली. तिथे निर्यातीचं पोस्टल बिल ऑनलाइन भरता येतं आणि लहान माणसाला दलालाची गरज उरत नाही. तुमच्या मोठ्या पोस्टात जाऊन विचारा.

पावसाळ्यात मात्र जपून. एका जुलैत मी घाईने ओलसर हवेत बांधलेला जोड ब्रिटनला पाठवला. तिकडे खोकं उघडलं तेव्हा पट्ट्यावर पांढरी बुरशी होती. गिऱ्हाइकाने फोटो पाठवला, मी पैसेही परत दिले आणि नवा जोडही पाठवला. तेव्हापासून जून ते सप्टेंबर प्रत्येक जोड दोन दिवस कोरड्या खोलीत पंख्याखाली, मग कागदात गुंडाळून, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. प्लॅस्टिक थेट चामड्याला लावत नाही.

आता कर. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला जकात माफ होती, ती २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी थांबवली गेली. म्हणजे एका जोडावरही शुल्क लागतं. दर गेल्या वर्षभरात वरखाली झालेत, म्हणून पाठवायच्या आठवड्यात तपासा आणि शक्य तिथे शुल्क आधीच भरून पाठवायचा पर्याय घ्या. दारात पोस्टमनने अचानक पैसे मागितले की गिऱ्हाईक पार्सल नाकारतं आणि दोष आपल्याला देतं.

ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर व्हॅट (तिथला विक्रीवरचा कर) विक्रीच्या वेळीच घ्यावा लागतो. तुम्ही थेट विकलंत तर तुम्हाला तिथे नोंदणी लागते. बाजारपेठेतून विकलंत तर ती बाजारपेठ व्हॅट गोळा करून भरते. युरोपीय संघात १५० युरोंपर्यंत बाजारपेठेच्या बाबतीत साधारण असंच. कमिशन देऊनही आधी बाजारपेठ निवडा म्हटलं ते यासाठी. युरोपसाठी आणखी एक: १३ डिसेंबर २०२४ पासून तिथे लागू असलेल्या उत्पादन-सुरक्षा नियमानुसार मालासाठी तिथला जबाबदार प्रतिनिधी लागतो. ती सोय होईपर्यंत युरोप बाजूला ठेवा.

ओळखीचे लोक सांगतील, "गिफ्ट म्हणून लिहा, कमी किंमत टाका." लिहू नका. पकडलं गेलं तर माल अडकतो, हरवला तर भरपाईही त्याच खोट्या किमतीची मिळते.

भाव ठरवताना हे सगळं एका कागदावर मांडा: मजुरी, चामडं, खोकं, पोस्ट, कमिशन, पैसे बदलून घेताना बँक कापते ते, आणि वीस जोडांमागे एक परत येईल असं धरून त्याचा वाटा. मग नफा. कोल्हापूरच्या चप्पल लाइन बाजारातल्या भावात थोडे पैसे वाढवून डॉलरमध्ये लिहिणारा माणूस प्रत्येक ऑर्डरमागे घरचे पैसे घालतो.

ऑर्डर आल्यावर

चोवीस तासांत उत्तर द्या. अमेरिकेचा दिवस आपल्या रात्री असतो, म्हणून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधीची अर्धी घटिका निरोपांसाठी ठेवा. बनवायला किती दिवस आणि पोचायला किती, हे वेगवेगळं सांगा. दिवाळीच्या ऑर्डरी कुठल्या तारखेपर्यंत घ्यायच्या ते सप्टेंबरातच पानावर लिहून टाका.

माप चुकलं तर चप्पल परत मागवण्याचा आग्रह धरू नका. येण्याचं पोस्ट चपलेहून महाग पडतं आणि इथल्या कस्टममध्ये परत कागद. चूक आपली असेल तर नवा जोड, जुना तिकडेच कोणाला तरी द्यायला सांगा. चूक गिऱ्हाइकाने पाठवलेल्या मापाची असेल तर नवा जोड निम्म्या भावात. हे नियम आधीपासून पानावर असले की वाद होत नाही. पोचल्यावर आठ-दहा दिवसांनी, चप्पल पायात बसल्यावर, अभिप्राय मागा. पोचल्या दिवशी मागितला तर "घट्ट आहे" एवढाच मिळतो.

आणि पायाच्या रेघांचे ते छापलेले कागद फेकू नका. त्यावर नाव, देश, तारीख, कुठली जात दिली आणि पट्टा किती वाढवला ते लिहून फाइलला लावा. दोन वर्षांनी तळ झिजला की तेच गिऱ्हाईक परत येतं, आणि तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारायचा उरतो: "रंग तोच देऊ का?"